चार बोटं दांडा, एक बोट चावी

अमरावतीच्या परकोटाबाहेर, खोलापुरी दरवाज्याच्या अंगाला लोहारांची पाच-सात घरं होती. लोहारणी घण मारतात यात नवल काही नाही, पण सूर्यभान लोहाराच्या बायकोचा, जयवंताचा घण ऐकायला वाटेवरचा माणूस घडीभर थांबायचा. इतका तो एका तालात पडे. तिचं माहेर मूर्तिजापूरचं, बापही लोहारच. लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. हळद उतरली नाही तोच सासूने, पार्बताबाईने, तिच्या हातात घण दिला.

"घे माय. भाकरी मी थापतो, तू लोखंड थाप."

तेव्हापासून तसंच चाललं होतं. सूर्यभान डाव्या हातात सांडशी धरायचा, उजव्या हातात लहान हातोडी. हातोडी जिथे टक् करील, तिथे जयवंताचा घण पडायचा. हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की घण थांबायचा. पार्बताबाई भाता ओढायची आणि तोंडाने साऱ्या अमरावतीच्या बातम्या सांगायची. नवरा-बायको दिवसभरात एकमेकांशी दहा शब्दही बोलत नसतील, पण भांडण झालं की शेजाऱ्यांना आवाजावरून कळायचं. त्या दिवशी घण अर्धा क्षण उशिरा पडे.

सकाळी घण उचलण्याआधी जयवंता ऐरणीला हात लावून तो कपाळाला लावायची. मंगळवारी अंबादेवीला जाऊन यायची. देवीपुढे उभी राहायची, हात जोडायची आणि परत फिरायची. काही मागायची नाही. एकदा सासूने विचारलं, तर म्हणाली, "एवढ्या बाया मांगून राह्यल्या तिच्याजोळ. तिले बी कोनी नुसतं भेटाले यावं नं."

तिकडे समुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं. एक गाडी असलेल्याने दोन केल्या, दोनवाल्याने चार. गाडी झाली की चाकाला लोखंडाची धाव चढवावी लागते, म्हणजे लोहारांना मान वर करायला फुरसत नव्हती. परतवाड्यापासून गाड्या यायच्या. त्याच हंगामात खुशालराव नावाच्या मोठ्या जमीनदाराने मुंबईहून सरकी काढायचं यंत्र आणवलं. घरोघरच्या हातरेच्याने, म्हणजे सरकी काढायच्या लाकडी चरकाने, दिवसभरात जेवढी रुई निघे तेवढी हे यंत्र सकाळच्या न्याहारीआधी काढी.

यंत्र बैलांवर चालायचं. मधल्या खांबाभोवती दोन जोड्या फिरायच्या, त्यांच्याबरोबर दातेरी चाकं फिरायची, चाकांनी एक चार बोटं जाड लोखंडी दांडा फिरायचा, आणि तो दांडा छपराखाली जाऊन चार रेचे फिरवायचा. दांडा लांब म्हणून दोन तुकड्यांचा होता. दोन्ही तुकड्यांची टोकं बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, एका वीतभर लांब नळ्यात घातलेली. त्या नळ्याला सगळे जोड म्हणत. जोड बैलांकडच्या दांड्यावर कायमचा बसवलेला होता. छपराकडचा दांडा त्याच्यात नुसताच गरगरू नये म्हणून दांड्याला बाहेरून आणि जोडाला आतून समोरासमोर खाच पाडलेली, आणि त्या खाचेत एक लोखंडी चौकोनी पट्टी ठोकलेली. अर्धी दांड्यात, अर्धी जोडात. तिला चावी म्हणायचे. "कुलूप नाई, कोयंडा नाई, अन् चावी!" असं म्हणून पार्बताबाई हसायची.

यंत्र उभं करणारा मिस्त्री जाताना सूर्यभानला माप सांगून गेला होता. चावीची रुंदी दांड्याच्या चौथाई. जयवंताने ते लगेच बोटांवर घेतलं, चार बोटं दांडा, एक बोट चावी. लोखंड कोणतं घ्यायचं हे मिस्त्रीने सांगितलं नाही, आणि लोहाराला लोखंडाचं विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

दिवाळी झाली, यंत्र सुरू झालं, आणि सूर्यभानने केलेली पहिली चावी तुटली. त्याने जुन्या धावेच्या लोखंडाची तशीच दुसरी केली. बारा दिवसांनी तीही तुटली. मग तिसरी. दोष खरं पाहता कापसात होता. भाव चढला तशी माणसं वजन वाढवायला कापसात गोटे लपवू लागली होती. रेच्यात गोटा अडकला की रेचा अडे, दांडा अडे, बैल पुढे ओढत आणि मधल्यामध्ये चावी कटकन तुटे. पण तुटलेली वस्तू लोहाराची होती, त्यामुळे बोल लोहारालाच लागला. तिसऱ्या वेळी खुशालरावांनी तुकडे हातात घेऊन सगळ्या गाडीवाल्यांसमोर विचारलं, "सूर्यभान, ही चावी हाये का पापड गा? तळून खाऊ का?"

माणसं खो खो हसली. सूर्यभान तुकडे धोतराच्या सोग्यात बांधून घरी आला आणि पायसुद्धा न धुता देवघराच्या कोनाड्यापुढे उभा राहिला. कोनाड्यात त्याच्या आज्याच्या हातच्या तलवारीचं मोडकं पातं होतं. आजा गाविलगडाच्या पायथ्याला तलवारी घडवायचा. दरसाल दसऱ्याला हातोडी, सांडशी, घण यांच्या आधी त्या पात्याला हळदीकुंकू लागे. सूर्यभानने ते उचललं.

"ते देवाजोळचं हाये," जयवंता म्हणाली.

"म्हूनच घेऊन राह्यलो. पोलाद हाये ते, पोलाद. आता पाहू कशी तुटते."

"दुसरं पोलाद आना नं बाजारातून."

"बाजारातल्या पोलादाले मह्या आज्याचा हात लागला काय?"

भात्याजवळून पार्बताबाई म्हणाली, "करू दे वं त्याले. पापड म्हतलं त्याले लोकाईनं." जयवंताने देवाला हात जोडले आणि घण घेतला. पात्याच्या घड्या घालून, एकजीव करून त्यांनी एक चावी घडवली. सूर्यभानने तिला तापवून, बुडवून असं कडक पाणी दिलं की कानस तिच्यावरून निसटायची. तशी सुरेख वस्तू त्या भात्यावर पुन्हा झाली नसेल.

चावी टिकली. दहा दिवस, पंधरा दिवस, महिना. सूर्यभान बाजारातून जाताना मान वर करून जाऊ लागला.

पौषात एका दुपारी वच्छला नावाची बाई तिसऱ्या रेच्याला कापूस लावत होती. रेचा कचकन अडला. दांडा अडला, बैल ओढतच होते. एरवी अशा वेळी कट् असा आवाज येई. त्या दिवशी तोफ उडाल्यासारखा आला. चावी तुटली नाही. बिडाचा जोड खाचेच्या कोपऱ्यातून उभा फाटला. बैलांना असा हिसका बसला की चांद्या नावाचा बैल गुडघ्यावर आला. त्याच्या मानेजवळची जुवाची शिवळ, म्हणजे जुवात उभी खोवलेली खुंटी, मोडली म्हणून तो सुटला.

जोड काही गाडीची धाव नव्हे की गावात करून घ्यावा. बीड ओतणारं अमरावतीत कोणी नव्हतं. खुशालराव आले. हंगाम भरात, उघड्यावर कापसाचे डोंगर, त्यांचा आवाज परकोटाच्या आत ऐकू गेला असेल.

"मुंबईहून जोड येईपर्यंत होळी होईन! आठ दिवस देतो. काही करतो तं कर, नाई तं अकोल्याहून मिस्त्री आनतो. मंग तुह्या भात्यावर कोन येते ते पाह्यजो."

सूर्यभान तिथून निघाला. घरी येऊन ऐरणीकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. धावा चढवायला आलेल्या गाड्या शेजारच्या भात्याकडे वळल्या, तरी त्याने वर पाहिलं नाही. पुढ्यातली भाकरी तशीच राहायची. पार्बताबाई ओरडून थकली, मग रडून थकली. खुशालरावांचा कापूस भिजो की उडून जावो, जयवंताला ऐरणीकडे फिरवलेली ती पाठ बघवत नव्हती. हा माणूस पुन्हा हातोडी हातात धरील की नाही, एवढंच तिला खात होतं.

पाचवा दिवस मंगळवार होता. देवीपुढे उभं राहिल्यावर मागणं तिच्या अगदी ओठावर आलं. पण इतक्या वर्षांत मागायची सवय नव्हती, शब्द सुचेनात. ती तशीच वळली आणि घरी न जाता यंत्राकडे गेली.

तिथे सगळं थंडगार होतं. फाटलेल्या जोडाजवळ ती उकिडवी बसली. जोडाला ज्वारीचा दाणा शिरेल एवढी भेग. दांड्याची खाच कडेला ओरबाडलेली. आणि खाचेतली चावी मात्र जशीच्या तशी, हळदीतल्या नवरीसारखी झळझळीत. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. जयवंताला तिचा रागच आला.

पलीकडे बैल हाकणारा नत्थुजी चिलीम बाजूला ठेवून एक लाकूड तासत बसला होता.

"काय करून राह्यले नत्थुबाबा?"

"शिवळ करून राह्यलो माय. त्या दिवशीच्या हिसक्यात मोडली नं चांद्याची."

जयवंताने तासलेली शिवळ हातात घेतली. "हे तं हलकं लाकूड हाये. काडीवानी मोडन. बाभळीची काहून नाई करत?"

नत्थुजीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिला नाक पुसायचं शिकवावं लागणार आहे. "बाभळीची असती तं त्या दिवशी चांद्याची मान मोडली असती. शिवळ मोडली म्हून बैल वाचला. शिवळ तं मी चिलीम ओढता ओढता दुसरी करतो. बैल कुठून करू?"

जयवंता शिवळ हातात धरून बसून राहिली. जोड पाहिला, चावी पाहिली. मग शिवळ नत्थुजीच्या मांडीवर टाकून उठली, दोऱ्याने जोडाचा घेर मापून घेतला आणि जवळजवळ पळतच घरी आली.

"अवो, उठा. तुमचं काम वाईट नोतं. चांगल्याहून चांगलं केलं तुमी, थेच नडलं. चावी तुटाचीच वस्तू हाये."

सूर्यभान पाच दिवसांत पहिल्यांदा बोलला. "तूबी पापडच म्हन."

"पापड नाई, शिवळ म्हनतो. गोटा अडकला तं काहीतरी तुटनारच. मंग दांडा तुटावा, जोड तुटावा, का घडीभरात दुसरी होते थे चावी तुटावी? तुमच्या त्या तिन्ही चाव्या बरोबर होत्या. आपनच त्याईची लाज धरली."

"लोहारानं मुद्दाम कच्चा माल द्यावा म्हनतं?"

"कच्चा नाई. नरम. अन् मापून नरम."

त्याने मान फिरवली. जयवंताने कोळसा पेटवला. सासूला म्हणाली, "आत्याबाई, ओढा भाता." धावेच्या लोखंडाचा लांब तुकडा तापत घातला, लाल झाल्यावर सांडशीने ऐरणीवर ठेवला आणि नवऱ्याची लहान हातोडी आपल्या हातात घेतली.

"घन उचला."

"मी? बाईच्या हातोडीमागं घन मारू मी?"

"मी अठरा वर्सं तुमच्या हातोडीमागं मारला. मह्ये हात झडले काय?"

"अरे लोखंड थंडं होऊन राह्यलं!" पार्बताबाई किंचाळली. "भांडन मागून करा मुडद्याईनो!"

थंड होणारं लोखंड नुसतं पाहत बसणं सूर्यभानच्या रक्तात नव्हतं. तो उठला. पहिला घण चुकला, दुसराही. जयवंता टक् करायची एकीकडे, घण पडायचा भलतीकडे. "तुले जमते तरी कसं हे?" तो धापा टाकत म्हणाला. तिला हसू आलं, पण तिने हातोडीतला ताल सोडला नाही. चार तावांनंतर, म्हणजे लोखंड चारदा तापवून झाल्यावर, घण जागेवर पडायला लागला.

त्यांनी आधी फाटलेला जोड आवळायला लोखंडाची दोन गोल कडी केली. जयवंताने जोडाचा घेर दोऱ्याने मापून आणला होता. कड्याचा आतला घेर त्याहून ज्वारीच्या एका दाण्याएवढा कमी ठेवला. गाडीच्या चाकाला धाव चढवतात तसंच. लोखंड तापलं की फुगतं, थंड झालं की आवळतं. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या जागीच कोळसा पेटवून कडी लाल केली आणि सूर्यभानने एक या टोकाला, एक त्या टोकाला अशी जोडावर ठोकून बसवली. बिडावर एकदम पाणी ओतू नये म्हणून ती तशीच हळूहळू निवू दिली. दुपार कलेपर्यंत सगळे नुसते बघत बसले. दाण्याएवढी भेग मिटत मिटत केसाएवढी झाली.

आता राहिली चावी. सूर्यभानने धावेच्या लोखंडाची, पाणी न देता, एक बोट रुंद आणि सहा बोटं लांब अशी चावी करून ठोकली. जयवंताने नत्थुजीला छपराकडचा दांडा ओंडका लावून अडवायला सांगितला.

"अन् बैल हाका. हळू. चांद्याच्या गुडघ्याकडे पाहात राहा. गुडघा वाकाच्या आधी चावी तुटली पायजे."

बैलांनी ओढलं, त्यांच्या गळ्यातल्या जोत्या ताणल्या, चांद्याचे पाय थरथरले, चावी तुटेना. "हो हो हो!" करून नत्थुजीने बैल थांबवले.

"रुंदी तासतो थोडी," सूर्यभान म्हणाला.

"रुंदी नोका तासू. खाच एका बोटाची हाये. चावी खुळखुळली का खाचच खाऊन टाकन. लांबी कमी करा."

सूर्यभानने तिच्याकडे पाहिलं. हे त्याला सुचायला हवं होतं. छन्नी लावून बोटभर तुकडा उडवताना त्याच्या तोंडावर पाच दिवसांनी जरा रंग आला. पाच बोटांची चावी तुटली, पण उशिरा. साडेचारची कट्कन तुटली. बैलांनी नुसतं अंग ताणलं होतं. तिच्याच मापाची दुसरी करून ओंडका काढला, चारही रेचे भरून चालवले, तेव्हा ती टिकली. खात्रीसाठी पुन्हा ओंडका लावला. पुन्हा कट्!

नेमके तेव्हाच खुशालराव दारात येऊन उभे राहिले.

"हे काय करून राह्यले? यंत्र दुरुस्त कराले सांगतलं का चाव्या तोडाले?"

सूर्यभान खाली बघू लागला. जयवंताने डोईवरचा पदर पुढे ओढला. "मालक, चावी तुटली तं जोड राह्यते. आता गोटा आला तं हीच तुटन. दुसरी तयार हाये, बसवाले एक चिलीम ओढाइतका वेळ लागते."

"म्हनजे तुमी लोहारं मले सांगता, का तुटनारी चावी चांगली?"

"व्हय जी."

"अन् जोड पुन्हा फुटला तं?"

उत्तर द्यायला जयवंताने तोंड उघडलं, त्याआधी सूर्यभान म्हणाला, "तं मी ऐरन विकून अमरावती सोडतो."

खुशालरावांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाका बैल."

यंत्र चाललं. सूर्यभान भात्यावर परत बसला, पण कान सगळे यंत्राकडे. गाडीचा आवाज आला तरी दचकायचा. चावी तुटल्यावर सगळं ठीक राहील, हे त्याला पटलं होतं, पण कडी धरतील का, जोडाची केसाएवढी भेग पुन्हा उघडेल का, हे गोटा आल्याशिवाय कळणार नव्हतं. गोटा येऊ नये असंही वाटे आणि एकदाचा येऊन जावा असंही वाटे. जयवंता मंगळवारी देवीला गेली, नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ उभी राहिली, आणि न मागताच परत आली.

नवव्या दिवशी दोघं तिथेच होती. एका रेच्याची पट्टी ढिली झाली म्हणून बोलावलं होतं. वच्छला कापूस लावता लावता गाणं म्हणत होती. तिचं गाणं मध्येच तुटलं आणि पाठोपाठ आवाज आला, कट्.

बस, एवढाच. रेचे थांबले. बैल दोन पावलं मोकळे चालले आणि आपोआप उभे राहिले. गाडीवाले धावत आले. कोणीतरी म्हणालंच, "झाला पापड!" खुशालराव कापूस मोजायचा सोडून आले आणि थेट जोडापाशी वाकले. दोन्ही कड्यांवरून हात फिरवला. भेगेवर नख लावून पाहिलं. नख शिरलं नाही.

सूर्यभानने पोगराने, म्हणजे बोथट छन्नीने, चावीचे दोन तुकडे बाहेर काढले, खाच पुसली, कमरेची नवी चावी काढून चार ठोक्यांत बसवली. नत्थुजीने चांद्यापुढे कडब्याची पेंडी टाकली होती. ती अर्धीसुद्धा संपली नव्हती.

"झालं?" खुशालरावांनी विचारलं.

"झालं जी."

खुशालराव उभे राहिले, हात झटकले. "सूर्यभान, मी तुले लय बोललो. चावी चांगली हाये तुही."

सूर्यभानने घाम पुसला. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं होती. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, तिच्याकडे मान करून बोलायचीही नव्हती.

"मही नाई मालक," तो म्हणाला. "हिची हाये."

गाडीवाल्यांत कोणी खोकलं, कोणी हसू दाबलं. जयवंता लाजून अर्धमेली झाली. वच्छलाने रेच्यातून काढलेला बोराएवढा गोटा तेवढ्यात तिच्यापुढे धरला, म्हणून तिला बोलायला काहीतरी सापडलं.

"मालक, चाव्या आमी कितीबी करून देऊ. पन कापूस घेताना दोन बाया निवडाले बसवा. हा गोटा कोन्या गाडीतला हाये, ते चावीले कसं समजन?"

खुशालरावांनी गोटा घेतला आणि खोकणाऱ्या गाडीवाल्यांकडे वळून तो उंच धरला. हसणारे एकदम आपापल्या बैलांच्या घुंगरमाळा सारख्या करू लागले.

दुसऱ्या दिवसापासून फाटकापाशी दोन बाया कापूस निवडायला बसल्या. तो हंगाम संपेपर्यंत चावी आणखी दोनदाच तुटली, आणि मुंबईचा जोड आला तेव्हा खुशालरावांनी तो खोक्यातून काढलासुद्धा नाही.